वैशाखातले ट्रान्झिस्टर

शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत निदेशकाच्या हुद्द्यावर असताना प्रत्येक नव्या तुकडीपुढे मी फळ्यावर एक वंशवृक्ष काढीत असे. मुळाशी ट्रान्झिस्टर, त्याच्या दोन शाखा, एक द्विध्रुवी आणि दुसरी क्षेत्रपरिणामी, पहिलीच्या पोटी पीएनपी आणि एनपीएन, दुसरीच्या पोटी जेफेट आणि मॉसफेट, त्यांचे पुन्हा एन-चॅनेल व पी-चॅनेल असे उपभेद, आणि कोपऱ्यात, कोणत्याच शाखेत धड न बसणारा, युनिजंक्शन. पाठ्यक्रमात हा वृक्ष असाच होता, परीक्षेत तो असाच विचारला जाई, आणि त्यात खोटे असे काहीच नव्हते. तथापि फळा पुसताना मनात येई की, ज्या वर्गीकरणाच्या आधारे मी स्वतः ही विद्या शिकलो ते या वृक्षात कोठेच नाही. कारण ते मी ग्रंथातून न शिकता नागपुरात सीताबर्डीवरील एका रेडिओदुरुस्तीच्या दुकानात शिकलो होतो, आणि तेथे ट्रान्झिस्टरची जात त्याच्या रचनेवरून नव्हे, तर त्याला काय सोसत नाही यावरून ओळखली जात असे.

त्या दुकानात मी उमेदवार म्हणून लागलो तो काळ 1960 नंतरच्या पहिल्या काही वर्षांचा. लाकडी पेटीतले, विजेवर चालणारे वाल्वचे संच अद्याप बैठकीच्या खोल्यांतून मानाने विराजमान होते आणि टपालकचेरीतून दरसाल परवाना नूतन करून घेणे हा प्रत्येक रेडिओधारकाचा शिरस्ता होता; परंतु ज्या गावांना विजेचा खांबही ठाऊक नव्हता तेथे घटांवर चालणारा, खांद्याला अडकवून शेतावर नेता येणारा लहान संच पोहोचू लागला होता, आणि त्याच्यामागोमाग त्याची दुखणी आमच्या मेजावर येऊ लागली होती. आमचे उस्ताद मूळचे अचलपूरकडचे, वाल्वच्या अमदानीत हात बसलेले. वाल्व गेला की त्याचा तापतंतू विझलेला दिसे, आत हवा शिरली असेल तर काचेवरची चंदेरी झाक पांढरी पडे, आणि तो नुसता सैल झाला असेल तर बोटाची टिचकी मारताच कर्ण्यातून तक्रार ऐकू येई. ट्रान्झिस्टरमध्ये यातले काहीच नव्हते. ‘वाल्व मरते तं सांगून मरते, बापू,’ उस्ताद म्हणत, ‘हा काया दाना नुसता गप होते.’

तो काळा दाणा म्हणजे मुलार्ड अथवा फिलिप्स कंपनीचा, शेंगदाण्याहून थोडा लांब, काचेच्या नळीत बंद केलेला आणि वरून काळ्या रंगाने माखलेला जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर. त्यांची ठरलेली टोळी असे: ओसी 44 मिश्रक, ओसी 45 ची जोडी मध्यम कंप्रतेच्या वर्धनाला, ओसी 71 चालक, आणि शेवटी कर्णा हलविण्यासाठी ओसी 72 ची दुक्कल. युरोपीय वाल्वच्या जुन्या नामपद्धतीत पहिले अक्षर तापतंतूच्या विद्युद्दाबाचे असते, आणि ‘ओ’ म्हणजे शून्य, ‘सी’ म्हणजे ट्रायोड, हे उस्तादांना ठाऊक असल्यामुळे त्यांच्या दृष्टीने ओसी 71 हा तापतंतू नसलेला ट्रायोडच होता. आणि असे एकदा मानल्यावर त्याच्याशी जुळवून घेणे त्यांना फारसे जड गेले नाही.

या दाण्यांचा पूर्वज डिसेंबर 1947 मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतील मरे हिल येथे, बेल प्रयोगशाळेत जन्मला होता. जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी जर्मेनियमच्या तुकड्यावर सोन्याच्या वर्खाची दोन टोके अगदी लगत टेकवून विद्युत्संकेताचे वर्धन साधले, आणि पुढे महिन्या-दीड महिन्याच्या आत विल्यम शॉकली यांनी टोकांचा नाजूक व्याप टाळून स्फटिकाच्या आतल्या संधींवरच काम भागविणारी रचना कागदावर मांडली. तिघांना 1956 चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. टोकांचा तो मूळ ट्रान्झिस्टर आमच्या दुकानापर्यंत कधीच पोहोचला नाही. आम्हांस भेटला तो त्याचा धाकटा भाऊ, मिश्रसंधी जातीचा: जर्मेनियमच्या पातळ चकतीच्या दोन्ही अंगांस इंडियमचा एकेक मणी ठेवायचा, भट्टीत तो वितळून दोन्हीकडून आत झिरपू द्यायचा, आणि मध्ये जो अगदी पातळ पडदा न वितळता उरेल तोच बेस. हा पडदा किती पातळ उरेल हे भट्टीच्या कृपेवर अवलंबून, आणि विद्युत्कणांना तो ओलांडावयास जो वेळ लागे त्यावर त्या ट्रान्झिस्टरची सारी चपळाई अवलंबून. ओसी 44 हा पंधरा मेगासायकलपर्यंत कसाबसा पोहोचणारा. मध्यम लहरींसाठी तो पुरेसा होता, पण दर बुधवारी रात्री आठ वाजता ज्या रेडिओ सिलोनसाठी अख्खा महाराष्ट्र कान देऊन बसे ते सिलोन लघुलहरींवर होते, आणि तेथे याचे पाय लटपटत.

म्हणून लघुलहरींच्या संचांत निराळ्या कुळाचे ट्रान्झिस्टर येऊ लागले, एएफ 114 पासून 117 पर्यंतचे. यांत बेस भट्टीच्या भरवशावर न सोडता विसरणाने, म्हणजे अशुद्धी स्फटिकात हळूहळू मुरवून घडविलेला असे. तो पातळ तर असेच, शिवाय अशुद्धीचे प्रमाण एका बाजूस दाट व दुसऱ्या बाजूस विरळ राहिल्यामुळे आतच एक विद्युत्क्षेत्र निर्माण होऊन कणांना पुढे ढकली. दोन्ही पीएनपी, दोन्ही जर्मेनियमचे, वंशवृक्षात दोघांचे घर एकच. पण ओसी 44 च्या जागी एएफ 115 बसविला की घट अर्धे उतरले असतानाही सिलोन वाजत राही, आणि मूळचा तसाच ठेवला तर आंदोलकाचा दम संपून बुधवारच्या त्या बिनाका गीतमालेच्या ऐन रंगात संच मुका होई. गिऱ्हाइकाला यातला फरक सांगण्याची सोय नव्हती. त्याच्या लेखी संच ‘सिलोन धरतो’ किंवा ‘धरत नाही’ एवढेच दोन प्रकार.

काळ्या रंगाबद्दलही एक हकीकत सांगण्याजोगी आहे. एका शिक्षकाने एक संच आणला, मागचे झाकण हरवलेला, घट रबरी पट्ट्याने बांधून ठेवलेला. तक्रार अशी की, दिवसा स्वच्छ वाजणारा हा रेडिओ रात्री सतत गुणगुणतो. विजेवरच्या संचात गुणगुण ऐकू आली की गाळणीचा कपॅसिटर बदलावा, हा धडा पहिल्याच महिन्यात मिळालेला; परंतु येथे तर विजेचा संबंधच नव्हता, आणि घटांचा प्रवाह गुणगुणत नाही. दुपारी तो आमच्या मेजावर निमूटपणे वाजला. दिवेलागणीनंतर दुकानातील ट्यूबलाइट लावली, तशी गुणगुण सुरू झाली. उस्तादांनी काही मोजमाप न करता डाग द्यायच्या डागणीसाठी मेजावर हात लांब केला. हाताची सावली संचाच्या उघड्या पाठीवर पडली, आणि गुणगुण थांबली. हात मागे घेतला, गुणगुण परत. मग भिंग लावून पाहिले तेव्हा ओसी 71 च्या अंगावरचा रंग एका बाजूने टवका उडून गेलेला दिसला. जर्मेनियमला प्रकाश कळतो. पन्नास आवर्तनांच्या विजेवर ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा उजळते आणि मंदावते. ती शंभराची लय उघड्या काचेतून आत शिरून बेसच्या प्रवाहात मिसळत होती. मुलार्ड कंपनीनेच ओसीपी 71 म्हणून प्रकाशग्राही ट्रान्झिस्टर वेगळा विक्रीस ठेवला होता. उस्तादांनी काळ्या रोगणाचा एक ठिपका दिला आणि मजुरी म्हणून चार आणे घेतले; शिक्षक पैसे देताना ‘एवढेच होते का?’ असे म्हणाले, ते मात्र उस्तादांना बरेच दिवस लागून राहिले.

परंतु जर्मेनियमचा खरा हाडवैरी प्रकाश नव्हे, उष्णता. विदर्भात वैशाखात सावलीतही पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि बंद प्लॅस्टिकच्या पेटीत, उन्हात उभ्या बैलगाडीच्या साट्यावर ठेवलेल्या संचात तो किती चढत असेल याची कल्पना करावी. ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरमधून संकेत नसतानाही थोडी गळती चालूच असते. जर्मेनियममध्ये ती सामान्य तापमानास काही मायक्रोअँपिअर एवढीच, पण दर दहा अंशांस सुमारे दुप्पट होणारी. म्हणजे पंचवीस अंशांवर जी बिनघोर, ती पंचावन्नावर आठपट. आणि ही वाढलेली गळती बेसमधून फिरली तर ट्रान्झिस्टर तिचेही इमानेइतबारे वर्धन करतो. गळती वाढली की ट्रान्झिस्टर तापतो, तापला की गळती वाढते; या फेऱ्यातून तो स्वतः बाहेर पडू शकत नाही. मे महिन्यात आमच्याकडे येणाऱ्या संचांची कैफियत जवळजवळ ठरीव असे: सकाळी बोलतो, दुपारी घोगरा होतो, सूर्य कलला की पुन्हा बोलतो, आणि घट आठवड्यात संपतात. ही कैफियत ऐकताच उस्ताद संच उघडून मीटर हातात घेत, घटांच्या वाटेत तो जोडत, आवाज पूर्ण खाली करून काट्याकडे बघत बसत, आणि तापलेली डागणी ओसी 72 पासून वितभर अंतरावर नेत. काटा सरकू लागला, आणि डागणी दूर केल्यावरही सरकतच राहिला, की मग स्पिरिटचा बोळा त्या दाण्यावर ठेवीत; काटा परतला म्हणजे निदान झाले.

यावरचा इलाज मंडळाच्या आराखड्यात आधीच घातलेला असे. एमिटरच्या वाटेत काही ओहमांचा लहानसा रोधक, जो प्रवाह वाढू लागताच बेसचा जोर आपोआप कमी करी. बेसच्या पुरवठ्यात एक थर्मिस्टर, जो तापला की बेसवरचा दाब उतरवी. आणि ओसी 72 च्या अंगाला चिकटून पत्र्याची पट्टी, जी त्याची उष्णता बाहेर नेई. युरोपातल्या हवेसाठी आखलेली ही व्यवस्था अकोल्यास किंवा चंद्रपुरास अपुरी पडावी यात नवल नाही. आम्ही एमिटरचा रोधक थोडा वाढवीत असू. आवाज किंचित उतरे. पण मृगाच्या पावसापर्यंत संच तग धरी. बेस, एमिटर, कलेक्टर ही नावे मला शाळेतल्या पुस्तकात भेटली होती, परंतु एमिटरचा रोधक तेथे कशासाठी असतो हे मला त्या उन्हाळ्यांनी शिकविले, आणि पुढे जेव्हा जेव्हा ‘बायस स्थिरीकरण’ हे प्रकरण शिकविण्याची पाळी आली तेव्हा तेव्हा मी समीकरणाआधी बैलगाडीपासून सुरुवात केली.

जर्मेनियमचे हे कुळ आता नष्टप्राय झाले आहे, परंतु त्याला एक विलक्षण उत्तरायुष्य लाभले. सेवानिवृत्तीनंतर पुण्याहून एक तरुण गिटारवादक माझ्याकडे एसी 128 मागत आला, कारण गिटारचा आवाज जाणूनबुजून फाटका करणाऱ्या एका जुन्या विलायती यंत्रात हे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असत आणि त्यांच्यावाचून तो आवाज लाभत नाही अशी त्या मंडळींची श्रद्धा आहे. मी त्याला एकेक नग मोजून गळती आणि वर्धन लिहून दिले. ज्या गळतीपायी आम्ही उन्हाळेच्या उन्हाळे झुंजलो ती तो मध्यम प्रमाणात निवडून मागून घेत होता. एएफ 117 चीही अशीच एक अजब गत आहे: त्याच्या धातूच्या टोपणाच्या आत कथिलाचे, केसाहूनही बारीक तंतू वर्षानुवर्षे उगवत राहतात आणि अखेर आतल्या स्फटिकाला टोपणाशी जोडून टाकतात, तेव्हा तो न वापरता खणात पडल्या पडल्याच मरतो. त्याचा चौथा पाय केवळ टोपणाला जोडलेला. तो कापून टाकला की ट्रान्झिस्टर बहुधा जिवंत होतो. जुन्या संचांचे शौकीन आजही ही युक्ती करतात.

सिलिकॉनचे राज्य आमच्याकडे आले ते हळूहळू, आणि प्रथम नावांतून. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे बीसी 147, 148, 149 आणि बीएफ 194, 195 हे चौकोनी, काळ्या प्लॅस्टिकचे ट्रान्झिस्टर संचांतून दिसू लागले. पहिले अक्षर ‘ए’ असेल तर जर्मेनियम, ‘बी’ असेल तर सिलिकॉन. दुसरे ‘सी’ असेल तर ध्वनिकंप्रतेचा कमी शक्तीचा, ‘डी’ असेल तर शक्तीचा, ‘एफ’ असेल तर उच्च कंप्रतेचा: ही युरोपीय पद्धत एकदा कळली की अनोळखी नगही हातात घेताच आपला हुद्दा सांगू लागे. अमेरिकन पद्धतीत ही सोय नाही. तेथे ‘2एन’ नंतरचा आकडा हा नुसता नोंदणीक्रमांक, दप्तर उघडल्यावाचून त्याचा बोध होत नाही. सिलिकॉनचे वागणे निराळे होते. त्याची गळती नॅनोअँपिअरमध्ये मोजावयाची, म्हणजे वैशाख आला काय आणि गेला काय; बेस जागा व्हावयास मात्र जर्मेनियमच्या दोनशे-तीनशे मिलिव्होल्टऐवजी सहाशे-सातशे लागत. शिवाय बहुतेक सिलिकॉन नग एनपीएन, म्हणून संचाची सारी मांडणी उलटी झाली, आणि धन टोक जमिनीला जोडण्याची सवय लागलेले हात काही दिवस अडखळले. उस्तादांनी मात्र पहिल्याच उन्हाळ्यात निकाल दिला: ‘याले ऊन लागत नाही.’ त्यांच्या तोंडून याहून मोठी शिफारस मी ऐकली नाही.

ऊन लागत नसले तरी सिलिकॉन अमर नव्हता, हे 2एन 3055 ने शिकविले. लोखंडी टोपणाचा, दोन भोकांचा हा धिप्पाड नग, पंधरा अँपिअर आणि एकशे पंधरा वॅट अशी त्याची सनद, आणि व्होल्टेज स्टॅबिलायझरपासून गणेशोत्सवातील ध्वनिवर्धकापर्यंत सर्वत्र त्याचा संचार. त्याला उष्णताशोषक पत्र्यावर बसविताना मध्ये अभ्रकाची चकती आणि दोन्ही बाजूंना पांढरा लेप लावावा लागतो. अभ्रक विसरले तर कलेक्टर पत्र्याशी जोडला जातो, लेप विसरला तर उष्णता अडते. इतके करूनही काही नग अचानक जात आणि तेही एकाच पद्धतीने, कलेक्टरपासून एमिटरपर्यंत आरपार जुळून. ध्वनिवर्धकात असे झाले की शुद्ध एकदिश प्रवाह कर्ण्यात शिरून त्याचे वेटोळे जाळी. जर्मेनियम दमून मरत असे, हा एका क्षणात. याचे कारण पुढे वाचनात आले: विद्युद्दाब आणि प्रवाह दोन्ही एकाच वेळी मोठे असले की स्फटिकात प्रवाह सर्वत्र सारखा न राहता एखाद्या ठिकाणी गोळा होतो, तेथे तापतो, म्हणून अधिकच गोळा होतो, आणि तेवढी जागा वितळून जाते. म्हणजे तो जुनाच फेरा, परंतु संपूर्ण देहाऐवजी एका बिंदूत. मौज अशी की आरसीए कंपनीने काढलेला मूळचा 2एन 3055 मंदगती असून या व्याधीस बराच बळकट होता. नंतरच्या काळात त्याच क्रमांकाखाली अधिक चपळ रचनेचे नग येऊ लागले, ते वेगात सरस, पण जास्त दाबावर कमी सोसणारे. कातडे तेच, नाव तेच. बाजारात तर त्याच टोपणात चिमूटभर स्फटिक बसवून विकलेले नगही मिळत; त्यांची रुजुवात करावयाची तर करवतीने टोपण कापून आत डोकावण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता.

दुकान सोडून शासकीय सेवेत आल्यावर ट्रान्झिस्टरशी असलेला माझा संबंध कागदाच्या वाटेने जाऊ लागला. पाठ्यक्रमात एसी 128 लिहिलेला, म्हणून वार्षिक मागणीपत्रात एसी 128. मागणीपत्रास मंजुरी, मंजुरीनंतर दरपत्रके, दरपत्रकांचा तुलनात्मक तक्ता, त्यावरचे शेरे, शेऱ्यांची पूर्तता. या सर्व मुदतीत बाजारातून एसी 128 बरखास्त झालेला असे, आणि ‘किंवा तत्सम’ या दोन शब्दांचा आधार घेऊन पुरवठादार एसके 100 चे खोके पाठवून मोकळा होई. तोही पीएनपी, दिसावयासही गोलाकार धातूचाच. पण सिलिकॉनचा, आणि जर्मेनियमसाठी आखलेल्या प्रयोगपाटीवर त्याचा बेस जागाच होत नसे. एका वर्षी 2एन 3055 च्या जागी तत्सम म्हणून टीआयपी 122 आले. हा डार्लिंग्टन, म्हणजे एकाच टोपणात एकापाठोपाठ एक असे दोन ट्रान्झिस्टर. बेल प्रयोगशाळेतील सिडनी डार्लिंग्टन यांनी 1950 नंतरच्या आरंभीच्या वर्षांत ही जोडणी सुचविली. एकाच्या वर्धनाला दुसऱ्याच्या वर्धनाने गुणले जाते खरे, परंतु बेसपाशी दोन संधींचा दाब भरावा लागतो आणि कलेक्टरपाशीही एक व्होल्ट अधिक खर्च होतो. मागणीपत्राच्या दृष्टीने दोन्ही एनपीएन, दोन्ही शक्तीचे. हरकतीला जागा नव्हती. मी ती खोकी परत न पाठविता मुलांपुढे उघडली आणि त्या वर्षी ‘तत्सम नसलेले तत्सम’ हाच प्रात्यक्षिकाचा विषय केला.

युनिजंक्शनबद्दल थोडक्यात सांगावे. 2एन 2646 हा सिलिकॉनच्या कांडीचा, एक एमिटर आणि दोन बेस असलेला, कपॅसिटर ठरावीक दाबापर्यंत भरू देऊन मग एकदम रिता करणारा. थायरिस्टरला चिथावणे हे त्याचे काम. तो वर्धन करीत नाही, त्यामुळे त्याला ट्रान्झिस्टर म्हणावे की नाही यावर मुले वाद घालीत, आणि 555 क्रमांकाची चिप स्वस्त झाल्यावर वादाचे कारणच उरले नाही.

क्षेत्रपरिणामी ट्रान्झिस्टरची कल्पना वस्तुतः सर्वांत जुनी. ज्यूलियस लिलिएनफेल्ड यांनी 1925-26 मध्येच तिची पेटंटे मागितली होती, आणि बार्डीन व ब्रॅटन हेही मुळात याच वाटेने निघाले असता स्फटिकाच्या पृष्ठभागावरील अडथळ्यांनी वाट अडविली म्हणून दुसरीकडे वळून टोकांच्या ट्रान्झिस्टरवर पोहोचले. सिलिकॉनला त्याच्याच ऑक्साइडचे निर्मळ कवच चढविता येऊ लागले तेव्हा तो पृष्ठभाग निवला, आणि 1959-60 च्या सुमारास बेल प्रयोगशाळेतच मोहम्मद अटाला आणि डावन कांग यांनी पहिला मॉसफेट चालवून दाखविला. मुलांना मी सांगे की, द्विध्रुवी ट्रान्झिस्टर हा जुन्या अमदानीतील अंमलदारासारखा आहे. मोठ्या रकमेची उचल तो मंजूर करतो खरा, पण शंभरास एक अशी दस्तुरी बेसमधून पदरात पडल्यावाचून त्याचा शिक्का उठत नाही. फेट मात्र नुसता हुकूम वाचून खजिना खुला करतो. फक्त हुकूम सेकंदाला लाखदा फिरू लागला म्हणजे त्यालाही दर फेरीस थोडा भत्ता द्यावा लागतो, कारण गेटचा कपॅसिटर भरणे आणि रिता करणे फुकट होत नाही.

प्रयोगशाळेत प्रथम बीएफडब्ल्यू 10 हा जेफेट आला. दस्तुरी न घेण्याचा गुण त्याच्यात होता. परंतु एकाच क्रमांकाच्या दोन नगांत प्रवाहाचा दुपटीहून अधिक फरक सापडे, त्यामुळे प्रत्येक मुलाचे उत्तर निराळे आणि प्रत्येकाचे बरोबर. मॉसफेट आला तेव्हा तो काळ्या वाहक फोममध्ये पाय खुपसून आला. त्याच्या गेटखालचे कवच इतके पातळ की वीस व्होल्टच्या पलीकडे त्याला धोका. आणि नागपूरची फाल्गुन-चैत्रातील कोरडी हवा, टेरिलीनचा सदरा आणि प्लॅस्टिकची खुर्ची यांचा योग झाला की नुसत्या बोटाने हजारो व्होल्टची ठिणगी पडते. कोणताही डाग, धूर अथवा वास न येता तो जाई, आणि कधी कधी अर्धाच जाई, म्हणजे चालायचा पण बंद व्हायचा नाही. मुंबईच्या दमट हवेत काम करणारे माझे एक परिचित हे ऐकून हसत. त्यांच्या मेजावर असे क्वचित घडे. मी मेजावर ओली फडकी वाळत घालावयास लावी आणि मनगटाला तार बांधल्याशिवाय फोम उघडू देत नसे. चांगला नग ओळखण्याची रीत मात्र मुलांना फार आवडे: मोठ्या पल्ल्यावरच्या मीटरचे धन टोक एन-चॅनेलच्या गेटला क्षणभर लावून काढून घ्यायचे, मग ड्रेन आणि सोर्स यांच्यामध्ये मोजायचे, मार्ग खुला सापडतो आणि टोक काढल्यावरही खुलाच राहतो. गेट आणि सोर्स यांवर एकदम बोट ठेवले की बंद होतो. 

मॉसफेटची खरी योग्यता कळली ती भारनियमनाच्या वर्षांत, जेव्हा घरोघर इन्व्हर्टर आले आणि माझे जुने विद्यार्थी त्यांच्या दुरुस्तीत पडले. बारा व्होल्टच्या बॅटरीतून कित्येक अँपिअर ओढावयाचे म्हणजे एका नगाने भागत नाही. दोन्ही बाजूंना चार-चार, सहा-सहा नग समांतर जोडलेले असतात. द्विध्रुवी ट्रान्झिस्टर असे समांतर जोडले तर त्यांतला जो जरा जास्त तापेल त्याच्या बेसची गरज अंशामागे सुमारे दोन मिलिव्होल्टने घटते, म्हणून तोच अधिक प्रवाह ओढतो, म्हणून अधिक तापतो, आणि अखेरीस साऱ्यांचा भार अंगावर घेऊन जातो. प्रत्येकाच्या एमिटरला रोधक देऊन त्यांना आवरावे लागते. पूर्ण उघडलेल्या मॉसफेटचे उलट आहे. तो तापला की त्याचा रोध वाढतो, दीडपट-दुप्पट होतो, आणि प्रवाह आपण होऊन थंड शेजाऱ्याकडे वळतो. ओसी 72 चा तो फेरा येथे उलटा फिरलेला पाहून मला जो आनंद झाला तो विद्यार्थ्यांना पोहोचविता आला असे वाटत नाही. त्यांनी जर्मेनियमचा उन्हाळा पाहिलेलाच नव्हता. ही सुबुद्धी मात्र तो पूर्ण उघडा असतानाच टिकते. अर्धवट उघडा ठेवून ध्वनिवर्धकात राबविला, तर तापताना त्याचा उंबरठाही खाली येतो आणि काही जातींत तो जुना फेरा पुन्हा मान वर काढतो.

आणि शेवटी आयजीबीटी: मॉसफेटचे गेट आणि द्विध्रुवी देह यांचा संकर, अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये 1980 नंतरच्या आरंभीच्या वर्षांत बी. जयंत बालिगा यांच्या हातून आकारास आलेला. बालिगा हे मद्रासच्या आयआयटीचे पदवीधर. हुकमासाठी दस्तुरी नाही, आणि हजार-बाराशे व्होल्ट सोसूनही मोठा प्रवाह नेताना मॉसफेटइतका रोध नाही; बंद होताना मात्र देहात उरलेले कण विझावयास थोडा वेळ घेतात, एवढी त्याची उणीव. अजनीच्या विद्युत इंजिनांच्या शेडमध्ये लागलेले माझे विद्यार्थी यास मुठीएवढ्या ठोकळ्यांच्या रूपात ओळखतात. मी ओळखतो इंडक्शन शेगडीतला, पत्र्याला पेचाने आवळलेला, तीन पायांचा. शेजारपाजारची शेगडी बंद पडली की अद्याप माझ्याकडे येते. फ्यूज उडालेला, पूल-रेक्टिफायर आणि आयजीबीटी दोन्ही आरपार, हे ठरलेलेच. तेथे घाईने नवा नग डकवून वीज देणारे पुष्कळ. मी आधी वीज देण्याच्या वाटेत शंभर वॅटचा साधा बल्ब जोडतो, गेटवरचा अठरा व्होल्टचा पुरवठा पाहतो, आणि मग वेटोळ्याला समांतर असलेला, सुमारे 0.3 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढून मोजतो. तो जुना होऊन उतरला असेल तर वेटोळ्याचा दाब प्रत्येक फेरीस आयजीबीटीच्या सोसण्यापलीकडे उसळतो, आणि तो कपॅसिटर न बदलता बसविलेला नवा नग पहिल्याच दुधाबरोबर उतू जातो.